ही पाल खरंच हसतेय का?

लेपर्ड गेको प्रत्यक्ष पाहिला नसला तरी त्याचा फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असतो. पिवळं अंग, काळे ठिपके, गाजरासारखी फुगीर शेपटी आणि कानापर्यंत गेलेलं हसू. या हसण्याच्या जोरावर त्याने मीम्सच्या दुनियेत कायमची जागा मिळवली आहे आणि परदेशात वाढणाऱ्या आपल्या कित्येक मुलांच्या तोंडी ‘आई, मला हा हवा’ हे वाक्यही त्यानेच घातलं आहे. कुत्र्याला घरमालकाची परवानगी नाही, मांजराची बाबांना ॲलर्जी, मग उरतो हा. पुढे घरात काय होतं ते सांगायला नको. जिच्या पंचांगात पाल अंगावर कुठे पडली तर काय फळ, याचा तक्ता छापलेला असतो, त्या आजीला व्हिडिओ कॉलवर ‘ही आमची नवी पाल’ असं सांगणं काही सोपं नाही.

या प्राण्याच्या गमतीजमतींबद्दल आज लिहायचं आहे. बहुतेक गमतींमागे मोठं छान विज्ञान आहे. एक गंमत मात्र अशी आहे, की जिला हसू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिच्याकडे येऊच. माझी बरीचशी निरीक्षणं एका हौशी ब्रीडर मित्राच्या तळघरातली आहेत. नोकरी सांभाळून तो तीसेक गेको पाळतो, थोडी पिल्लं विकतो, आणि कोणी पाहुणा आला की चहाच्या आधी तळघर दाखवतो.

हसण्यापासूनच सुरुवात करू. ते हसू नाही. गाल आणि ओठ वर खेचून भाव दाखवायला आपल्या चेहऱ्यात जसे स्नायू असतात, तसे पालींच्या चेहऱ्यात नसतात. या गेकोच्या जबड्याची रेघच मागे जाताना वर वळलेली आहे, एवढंच. त्यामुळे तो पोट भरल्यावर हसतो, भुकेला असताना हसतो, घाबरल्यावर हसतो आणि आजारी असला तरी तितकाच हसतो. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. या प्राण्याची तब्येत तोंडावरून कळत नाही.

त्याच्या चेहऱ्यावर भाव आहेत असं वाटायला आणखी एक कारण आहे, ते म्हणजे पापण्या. आपल्या भिंतीवरच्या पालीला हलणाऱ्या पापण्या नसतात. तिच्या डोळ्यावर काचेसारखं पारदर्शक आवरण असतं आणि ते पुसायला ती चक्क जिभेचा वायपर वापरते. लेपर्ड गेको मात्र डोळे मिटतो, डोळे मिचकावतो, एक डोळा अर्धवट उघडा ठेवून झोपतो. त्याच्या शास्त्रीय नावातच, युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस यात, ‘खऱ्या पापण्यांचा’ हा अर्थ आहे. पापण्या मिळाल्या, पण भिंत गेली. इतर पालींच्या बोटांखाली असतात तसे चिकटणारे पट्टे याच्याकडे नाहीत, नुसत्या नख्या आहेत. काचेच्या टाकीत ठेवला तर काचेवर चढू शकत नाही, आणि म्हणूनच नवख्या माणसाला पाळायला सोपा.

मूळचा हा परका प्राणी नव्हे. १८५४ मध्ये एडवर्ड ब्लाइथने याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पंजाबातल्या, आज पाकिस्तानात असलेल्या सॉल्ट रेंज डोंगररांगेतल्या नमुन्यांवरून. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्येकडचा दगडधोंड्यांचा कोरडा मुलूख हे याचं घर. त्याची सख्खी भावंडं तर आपल्याकडेच आहेत. युब्लेफॅरिस फस्कस ही जात गुजरातेत आणि महाराष्ट्रात सापडते, आणि २०१४ मध्ये सातपुड्यातून युब्लेफॅरिस सातपुडाएन्सिस या नव्या जातीची नोंद झाली. दिवसा दगडाखाली, रात्री शिकारीला, अशा राहणीमुळे गावातल्या लोकांना ती सहसा दिसत नाही. दिसली की विषारी समजून मारली जाते. विष मात्र यांच्यापैकी एकीतही नाही.

आता कान. मित्राने पहिल्यांदा टॉर्च हातात दिला आणि गेकोच्या एका कानामागे धरायला सांगितला. दुसऱ्या कानातून उजेड दिसला! म्हणजे एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून देणं हे आपल्याकडे मुलांबद्दल म्हणतात ते इथे अक्षरशः खरं आहे. यामागचं कारण हुशारीचं आहे. आपल्या दोन कानांमध्ये चांगलं अंतर आहे, त्यामुळे आवाज कुठल्या बाजूने आला हे मेंदूला दोन कानांतल्या वेळेच्या फरकावरून कळतं. पालीचं डोकंच एवढंसं, हा फरक अगदीच नगण्य. म्हणून पालींचे दोन्ही कानांचे पडदे आतून, तोंडाच्या पोकळीतून एकमेकांना जोडलेले असतात. आवाज एका पडद्यावर बाहेरून येतो आणि दुसऱ्या कानातून शिरलेला तोच आवाज आतूनही येतो. दोन्हींची बेरीज-वजाबाकी होऊन पडदा आवाजाच्या दिशेप्रमाणे कमी-जास्त हलतो. दिशा शोधायचं निम्मं काम मेंदूपर्यंत पोचायच्या आधी कानातच उरकलेलं असतं.

सगळ्यात करमणूक होते ती शेपटीमुळे. टाकीत रातकिडा सोडला की गेको आधी थिजतो, मग एकेक पाय अगदी सावकाश उचलतो (एखादा पाय हवेतच विसरतो, याच क्षणाचे ‘हाय करणारा गेको’ म्हणून फोटो निघतात), डोकं खाली घेतो, आणि शेपटी सापासारखी डावी-उजवी वळवायला लागतो. मांजर उडी मारायच्या आधी करतं तसंच. मग झडप. पुष्कळदा ती चुकते आणि तोंडात रातकिड्याऐवजी माती येते. चेहरा हसराच.

शेपटीची दुसरी भाषा वेगळी आहे. नराला मादीचा वास लागला की त्याची शेपटी सावकाश वळत नाही, थरथरते. इतक्या वेगाने की प्लॅस्टिकच्या डब्यात ती आपटून मोबाइल व्हायब्रेटवर ठेवल्यासारखा आवाज येतो. मित्राच्या तळघरात मार्च-एप्रिलमध्ये पाच-सहा डब्यांतून हा आवाज एकदम येतो तेव्हा नवा माणूस खिसे चाचपतो. मादी राजी नसेल तर ती आपली शेपटी उंच करून संथपणे हलवते. झडपेआधीची, प्रणयाची आणि नकाराची, शेपटीच्या या तीन चाली ओळखू यायला लागल्या की पुढे काय घडणार ते तुम्हीही सांगू शकता.

ही शेपटी म्हणजे चरबीचं कोठारही आहे आणि संकटात टाकून द्यायची वस्तूही. तुटलेली शेपटी नुसती वळवळत नाही. टिमोथी हायम आणि अँथनी रसेल या दोघांनी २००९ मध्ये लेपर्ड गेकोच्या तुटलेल्या शेपट्यांचं चित्रण करून स्नायूंचे विद्युतसंकेत मोजले. शेपटी मधूनच तीन सेंटिमीटरपर्यंत हवेत उडी मारते, कोलांटी घेते, पुन्हा तालात डुलायला लागते, आणि हे सगळं मेंदूशिवाय, शेपटीत उरलेल्या मज्जारज्जूच्या जोरावर. एकाच लयीत हलणाऱ्या वस्तूचा अंदाज शिकाऱ्याला पटकन येतो. बेभरवशी उड्या मारणाऱ्या वस्तूकडे त्याचं लक्ष खिळून राहतं, तोवर मालक पसार. शेपटी पुन्हा येते, पण ती मूळची नसते. बुटकी, गुळगुळीत, सलगमासारखी.

शेपटीची भाषा नाकाशिवाय पुरी होत नाही. गेको सारखा जिभेने हवा आणि जमीन चाटत असतो. जिभेवरचे रेणू टाळूतल्या एका खास इंद्रियाकडे जातात आणि समोरचा कोण हे तिथे ठरतं. मेसन आणि गुट्झके यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. नर गेको ज्या मादीपुढे शेपटी थरथरवत होता, तिच्यावरच तो ती कात टाकत असताना हल्ला करायचा. कात टाकून झाली, की पुन्हा प्रेमालाप! त्वचेवरची मादीची ओळख पटवणारी रसायनं कात टाकताना हरवतात आणि नराच्या नाकाला समोर दुसरा नर उभा असल्यासारखं वाटतं. डोळ्यांना तीच मादी दिसत असूनही विश्वास नाकावर. आपल्याकडे शंकेची पाल चुकचुकते म्हणतात, इथे पालीलाच शंका येते. (लेपर्ड गेको चुकचुकत मात्र नाही. बोटाएवढं पिल्लू घाबरलं तर चार पायांवर उंच होऊन, तोंड फाडून किंचाळतं, आणि त्याच्या आकाराच्या मानाने तो आवाज फारच धीट असतो.)

कात टाकायचा सोहळाही पाहण्यासारखा. आधी दोन दिवस गेको पांढुरका पडतो, पिठाच्या डब्यात पडल्यासारखा. मग तोंड दगडावर घासून कात सोडवतो, आणि अंगातून स्वेटर काढावा तशी ओढून काढतो. पायातला मोजा दातांनी खेचतो. आणि निघेल तशी खाऊन टाकतो. यात किळस वाटण्यासारखं काही नाही. कात म्हणजे प्रथिनं, आणि ओसाड मुलखात ती फुकट टाकणं परवडत नाही. शिवाय घराच्या दाराशी आपला वास सोडणंही नको. मालकाने पाहायचं ते एवढंच, की बोटांच्या टोकांना कात अडकून राहिली नाही ना. ती राहिली तर दोऱ्यासारखी आवळते आणि बोट झडतं. ओलसर मॉस घातलेला एक छोटा डबा टाकीत ठेवला की हे टळतं.

स्वच्छतेच्या बाबतीत गेको आपल्यातल्या बऱ्याच जणांना मागे टाकेल. टाकीचा एक कोपरा ठरवतो आणि रोज तिथेच जाऊन शेपटी वर करून बसतो, गंभीर चेहऱ्याने. टाकीचं सामान हलवलं तरी कोपरा सहसा बदलत नाही. 

मित्राच्या तळघरातलं मला सगळ्यात विलक्षण वाटणारं यंत्र म्हणजे अंडी उबवायचा इनक्युबेटर. मादी एका वेळी मऊ कवचाची दोन अंडी घालते. त्यातून नर येणार की मादी हे गुणसूत्रांवर नव्हे, तापमानावर ठरतं. साधारण २६ अंशांना जवळपास सगळ्या माद्या. ३२.५ अंशांच्या आसपास बहुतेक नर. ३४ अंशांना पुन्हा माद्या! टेक्सास विद्यापीठात डेव्हिड क्रूज यांच्या प्रयोगशाळेने यावर वर्षानुवर्षं काम केलं, आणि त्यांना दिसलं की तापमान लिंगच नव्हे, स्वभावही घडवतं. जास्त नर निपजणाऱ्या तापमानाला जन्मलेली मादी थंड तापमानाला जन्मलेल्या मादीपेक्षा नरावर जास्त धावून जाते. म्हणजे एखादी मादी ‘खाष्ट’ निघाली तर तिची कुंडली इनक्युबेटरच्या काट्यावर लिहिलेली असण्याची बरीच शक्यता आहे.

आणि आता ती न हसण्यासारखी गंमत.

नेटवर एक प्रकारचे व्हिडिओ फार लोकप्रिय आहेत. गेको मान मागे टाकून छताकडे टक लावून बघतोय, खाली लिहिलंय ‘विश्वाचा विचार करतोय’. किंवा तो एकाच जागी गोल गोल फिरतोय आणि मागे नाचाचं गाणं. किंवा डोकं तिरकं करून किड्याच्या बाजूची हवा चावतोय, पुन्हा पुन्हा. यातले बरेच गेको ‘एनिग्मा’ नावाच्या वाणाचे असतात. ब्रीडर लोक रंग-नक्षीच्या अशा वाणाला मॉर्फ म्हणतात. एनिग्माची नक्षी सुंदर, विस्कटलेल्या ठिपक्यांची, दोन पिल्लं एकसारखी नसतात. २००० नंतरच्या दशकात हा वाण आला तेव्हा त्याला चांगला भाव मिळाला. लवकरच पाळणाऱ्यांच्या लक्षात आलं, की नक्षीबरोबर तोल जाण्याचा विकारही येतो. मान वाकडी होणं, आकाशाकडे बघत राहणं, गोल फिरणं, शिकारीचा नेम चुकणं, थरथर, वाईट अवस्थेत अंगाची लोळण. हा गुण प्रभावी आहे, म्हणजे आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून आला तरी पुरतो. त्यामुळे नक्षी ठेवून विकार तेवढा गाळण्याची ब्रीडरांची धडपड फळाला आली नाही. एखादा एनिग्मा बरीच वर्षं ठीक असतो, मग घर बदललं, प्रवास झाला, अंडी घातली, की ताणाने लक्षणं उफाळतात. आणि ठीक दिसणाऱ्या आईची पिल्लं ठीक निघतील याची हमी नाही.

अशीच गोष्ट बॉल पायथन या अजगरात घडली. ‘स्पायडर’ मॉर्फची डुलणारी मान ही कित्येक वर्षं ‘त्याची लकब’ म्हणून खपवली गेली. २०२२ मध्ये या सापांच्या डोक्यांचं सूक्ष्म स्कॅनिंग करून पाहिलं तेव्हा आतल्या कानातले, तोल सांभाळणारे भागच बेढब निघाले. आपल्याला बोटीत येते तशी चक्कर त्या सापाला जन्मभर.

आणि एक उदाहरण गेकोचंच, ज्यात ब्रीडर आणि शास्त्रज्ञ एकत्र आले. ‘लेमन फ्रॉस्ट’ हा मॉर्फ दिसायला झळझळीत, पिवळ्या-पांढऱ्यावर दव पडल्यासारखा. सगळा वंश मिस्टर फ्रॉस्टी नावाच्या एका नरापासून वाढलेला. काही काळातच या गेकोंच्या अंगावर पांढऱ्या गाठी दिसू लागल्या. कॅलिफोर्नियातल्या ब्रीडरने ही गोष्ट झाकून न ठेवता लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे नेली. लाँगहुआ ग्वो आणि लिओनिड क्रुग्ल्याक यांच्या गटाने शेकडो गेकोंचे नमुने घेऊन २०२१ मध्ये निष्कर्ष मांडला. ज्या पेशी प्रकाश परावर्तित करून पांढरा रंग देतात त्याच बेसुमार वाढतात आणि त्यांची गाठ होते. लेमन फ्रॉस्टपैकी ८० टक्क्यांहून जास्त गेकोंना सहा महिने ते पाच वर्षांत या गाठी होतात. मागोवा स्पिंट-१ या जनुकापर्यंत पोचला. माणसाच्या त्वचेच्या कर्करोगाशीही या जनुकाचा संबंध दिसला आहे, म्हणून हा गेको संशोधकांच्या कामाचा. ज्या झळाळीसाठी लोक पैसे मोजत होते तीच रोगाची सुरुवात होती. आपला सर्वांत महाग प्राणी सदोष आहे हे बाहेर येऊ देणाऱ्या त्या ब्रीडरचं मला खरंच कौतुक वाटतं.

एनिग्माच्या बाबतीत मात्र अजून ‘थोडासा वेंधळा आहे, पण गोड’ अशा जाहिराती दिसतात. माझा मित्र एनिग्मा ठेवत नाही. मागणी असूनही. वेंधळेपणा हा आपण लावलेला शब्द आहे. गेकोच्या बाजूने पाहिलं तर जमीन फिरते आहे आणि जेवण दर वेळी एक इंच बाजूला आहे.

तोल जाणारा प्रत्येक गेको एनिग्मा नसतो. कॅल्शियम आणि ड-३ जीवनसत्त्व कमी पडलं की हाडं मऊ होतात, पाय वाकतात, जबडा रबरासारखा होतो, चाल लडबडते. हे वेळीच डॉक्टरकडे नेलं तर सुधारू शकतं. म्हणून रातकिडे कॅल्शियमच्या पुडीत घोळवून द्यायचे आणि वाटीत थोडी पूड ठेवायची. गेको ती चाटतो आणि त्याला पांढऱ्या मिशा येतात. या मिशांना खुशाल हसा. काचेवर दोन पायांवर उभं राहून सतत पुढचे पाय घासणं, ज्याला लोक नाच म्हणतात, ती बाहेर पडायची धडपड असते: टाकी लहान, फार गरम, नाहीतर लपायला जागा नाही. तोंड उघडून बसणं हे कात टाकण्यापूर्वी जबडा ताणणं असू शकतं, पण ते सतत चाललं आणि नाकाशी बुडबुडे दिसले तर छातीचा संसर्ग आहे असं समजून हालचाल करावी.

तुम्ही मुलाला घेऊन एखाद्या रेप्टाइल एक्स्पोला जाणार असाल, तर रंग बघण्याआधी ही एवढी कामं करा. गेकोला डब्यातून काढून सपाट टेबलावर ठेवायला सांगा आणि तो सरळ चालतो का पाहा. डोकं आडवं, दोन्ही बाजूंना सारखं आहे का पाहा. विक्रेत्याला तुमच्यासमोर एक किडा खायला घालायला सांगा. एखाद-दुसरा नेम सगळ्यांचाच चुकतो, पण प्रत्येक झडप एकाच बाजूला जात असेल तर पुढच्या टेबलाकडे वळा. शेपटी मानेएवढी जाड हवी. सगळी बोटं मोजा. आई-वडील कुठल्या मॉर्फचे होते ते विचारा. नावांची लांबलचक माळ सांगितली तर त्यात एनिग्मा आणि लेमन फ्रॉस्ट हे दोन शब्द आहेत का ते नीट ऐका. साध्या, जंगलातल्यासारख्या ठिपक्यांचा गेको बहुधा सगळ्यात स्वस्त असतो आणि माझ्या मते सगळ्यात देखणाही.

आणि हिशोब करताना वयही धरा. नीट सांभाळला तर लेपर्ड गेको १५ ते २० वर्षं जगतो. आज जी मुलगी नऊ वर्षांची आहे ती कॉलेजला जाईल, नोकरीला लागेल, आणि रात्री दहा वाजता रातकिड्यांचा डबा हातात घेऊन टाकीसमोर उभे असाल तुम्ही.